वहीत नसलेला कपडा

नाटकाची बस दौऱ्यावर निघाली की कपडेपटाच्या ट्रंकांबरोबर एक वहीही निघते. हिरवी नऊवारी एक, परकर दोन, खणाची चोळी एक, नायकाचे मोजे तीन जोड, म्हातारीची शाल एक. प्रयोग संपला की वहीबरहुकूम सगळं मोजून पुन्हा ट्रंकेत. मोजा एक कमी पडला तरी रिकाम्या रंगमंचावर बॅटरी घेऊन शोधाशोध होते. मी कपडेपटाच्या कामाला लागले तेव्हा या वहीत ब्रा कुठेच नव्हती. नटीच्या अंगावर ती सगळ्या कपड्यांच्या आधी चढायची आणि सगळ्यांच्या नंतर उतरायची, पण ती जिची-तिची खाजगी बाब. आपली आपण आणायची, आपली आपण धुवायची आणि कुणाला दिसणार नाही अशी वाळवायची.

बालगंधर्वांचे शालू आणि त्यांची अत्तरं यांच्या कथा आमच्या व्यवसायात अजून रंगवून सांगितल्या जातात. आतल्या कपड्यांची कथा कुणी सांगत नाही. म्हणून आज सांगते.

ब्रा वहीत आली ती एका पांढऱ्या झग्यामुळे. नाटकात नायिकेला पातळ पांढरा झगा होता. रंगीत तालमीला ती घरची पांढरी ब्रा घालून आली. मेकअप रूमच्या आरशात सगळं ठीक दिसलं. रंगमंचावर मागून दिवा आला मात्र, पट्ट्यांसकट सगळी ब्रा झग्यातून दिसायला लागली. पांढऱ्याखाली पांढरं दिव्यात उठून दिसतं. अंगाच्या रंगाचं दिसत नाही. पुढच्या प्रयोगाला ती दुसरी ब्रा घालून आली, तर झगा छातीवर ओढला जाऊ लागला, कारण त्याचं माप पहिल्या ब्रावर घेतलेलं होतं. शेवटी वेशभूषाकार बाईंनी निर्मात्याला स्वच्छ सांगितलं, की ब्रा हा नाटकाचा कपडा आहे, तो नाटकानं घ्यायचा आणि कपडेपटानं सांभाळायचा. वहीत नोंद झाली: ब्रा, अंगरंगाची, तीन.

तीनचा आकडा हिशेबाला बसलेल्या गृहस्थांना पटेना. "एका नटीला तीन कशाला? अंगावर एका वेळी एकच असते ना?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तरही सरळ आहे. रविवारी दोन प्रयोग, कधी तीन. दुपारी शिवाजी मंदिर, रात्री गडकरी रंगायतन. पहिल्या प्रयोगात घामानं भिजलेली ब्रा दुसऱ्याला तशीच चढवली, तर ताणलेलं इलॅस्टिक परत जागेवर यायला वेळच मिळत नाही. ते ओलं, गरम आणि ताणलेलं राहतं आणि त्याच अवस्थेत पुन्हा ताणलं जातं. एक दिवस घातली की एक दिवस तरी तिला मोकळी ठेवायची, हा नियम घरच्या ब्रालाही लागू आहे. आळीपाळीनं वापरलेल्या तीन ब्रा जेवढे प्रयोग काढतात, तेवढे एकामागून एक झिजवून टाकलेल्या तीन काढत नाहीत. मी तिन्हींच्या आतल्या शिलाईत वेगवेगळ्या रंगाचा दोरा घातला, लाल, हिरवा, निळा. आज लाल तर उद्या हिरवा. निळा राखीव. हा दोरा अजून माझ्या सगळ्या ब्रांना असतो.

ब्रा महाग का, हेही त्या गृहस्थांना एकदा बसून समजावलं. नुसता परकर शिवायला कापडाचे किती तुकडे लागतात आणि हिला किती, ते मोजून दाखवलं. कप, कपाचं अस्तर, बाजूची पट्टी, पाठीची पट्टी, तारेची नळी, तारा, दोन कपांमधला जोड, पट्टे, कड्या, सरकपट्ट्या, हूक, आकडे. वीसेक तुकडे सहज होतात आणि प्रत्येकाचा ताण वेगळा. आणि हेही सांगितलं, की 1969 साली नील आर्मस्ट्राँग आणि बझ आल्ड्रिन जे पोशाख घालून चंद्रावर उतरले, ते प्लेटेक्स नावाच्या ब्रा आणि कॉर्सेट बनवणाऱ्या कंपनीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी शिवले होते. अंगाबरोबर वळेल आणि तरी घट्ट धरून ठेवेल असा कपडा शिवण्याचं कसब त्यांच्याच हातात होतं. हे ऐकल्यावर आकडा तीनच राहिला.

आता धुण्याचं सांगते, कारण ब्रा घालून जितकी झिजते त्याहून जास्त धुताना आणि वाळवताना मरते. हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत आले आहे.

एका दौऱ्यात मुक्काम मोठा होता, लॉजवर धोबी यायचा. व्यवस्थापकांनी माझा त्रास वाचावा म्हणून सगळे कपडे त्याच्याकडे दिले, त्यात ब्राही गेल्या. परत आल्या त्या घडी घालून, इस्त्री करून. पांढरीला पिवळट झाक आली होती. पट्टी ओढून पाहिली तर ती ताणली गेली, पण परत आली नाही. पांढरे कपडे ब्लीचिंगच्या पाण्यात घालायची त्याची पद्धत. धोतराला ती चालते, चादरीलाही चालते. ब्राच्या पट्टीत मात्र इलास्टेन असतं. 1958 साली जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानं ड्यूपॉन्ट कंपनीत हा धागा शोधला आणि लायक्रा या नावानं तो जगभर गेला. आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणून तो परत मूळ जागी येतो. घट्ट ब्रा श्वास घेऊ देते ती या गुणामुळे. पण क्लोरीन त्याला आतून तोडतं. उष्णतेनं तो सैल पडतो. कडक उन्हानं कमजोर होतो. त्या धोब्यानं एकाच दिवशी त्याला ब्लीचिंग, ऊन आणि इस्त्री असं सगळंच दाखवलं होतं. त्याचा काय दोष? त्याच्या हातात कधी कुणी ब्रा दिलीच नव्हती, तर तिची रीत तो शिकणार कुठून. संध्याकाळी प्रयोग होता आणि निळ्या दोऱ्याची ब्रा माझ्या पिशवीत होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून ब्रा माझ्या हातची. प्रयोग संपून रंग उतरवला की त्या मी आधी ताब्यात घेते. घामेजलेली ब्रा ट्रंकेत तशीच कोंबून रात्रभर प्रवास झाला, की घामातलं मीठ, अंगाचं तेल आणि गळ्यावरून उतरलेलं मेकअपचं पॅनकेक धाग्यात मुरतं. रात्री दीड वाजता साबण लावायची ताकद नसेल, तर नुसत्या साध्या पाण्यातून दोनदा काढते. तेवढ्यानंही पुष्कळ वाचतं. पट्ट्यांवर पॅनकेक लागलेलं असेल तर कोरड्या कापडावरच पातळ साबणाचा एक थेंब टाकून बोटाच्या टोकानं चोळायचं आणि मग पाण्यात घालायचं. आधी भिजवलं की रंग पसरतो.

सकाळी नीट धुणं. बादलीत साधं नळाचं पाणी, त्यात साबण आधी पूर्ण विरघळवायचा आणि मग कपडा. पावडर थेट ब्रावर टाकली तर तिचे कण कपाच्या शिलाईत बसतात आणि अंगाला चावतात. हूक लावलेले असावेत, नाहीतर ते शेजारच्या लेसला ओरबाडतात. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यायची. मग तळव्यांनी दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. काखेकडची बाजू आणि छातीखालची पट्टी इथं जरा बोटं चालवायची, घाण तिथंच असते. ब्रश नको, दगडावर आपटणं नको. साबण जाईपर्यंत पाणी बदलायचं. मऊपणासाठी कपड्यांना जो सुगंधी द्रव घालतात तो ब्राला कधीही घालत नाही, कारण त्याचा थर लवचिक धाग्यावर बसतो आणि पकड जाते.

पाणी गावागणिक बदलतं, हे दौऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याला फेसच येत नाही. आपण आणखी साबण घालतो, तो सुटत नाही आणि वाळल्यावर ब्रा पापडासारखी कडक होते. तिथं साबण कमी आणि शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात. नागपूरला मे महिन्यात उलटी गंमत. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. ब्राच्या आतल्या चिठ्ठीवर बादलीच्या चित्रात तीस आकडा असतो, म्हणजे तीस अंशांच्या वर पाणी नको. नागपूरच्या नळाचं गार म्हणून सोडलेलं पाणीसुद्धा दुपारी त्याच्या वर जातं. म्हणून तिथं धुणं पहाटे, टाकी तापायच्या आत.

त्या चिठ्ठीकडे कुणी बघत नाही, घरी आणली की पहिली कातरीनं कापतात. टोचत असेल तर जरूर कापा, पण आधी वाचा. बादलीत हात असेल तर हातानं धुवा, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे यंत्रात सुकवू नका. नवीन मुलगी कामाला आली की मी तिला आधी ही चित्रं शिकवते, बटण लावणं नंतर.

एक नवीन मुलगी मात्र चित्रं शिकूनही एकदा रडली. नाटकात हळदीचा प्रसंग होता आणि हळद खरी. नटीच्या ब्राच्या पट्ट्यावर हळद उतरली. मुलीनं कपडे धुण्याची वडी घेऊन घासलं आणि पिवळा डाग लालभडक झाला. तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच केलं. साबणाच्या क्षारानं हळद लाल होते, हे आपल्या सगळ्या आयांना माहीत असतं. या पोरीनं कधी पाहिलं नव्हतं. नीट खळबळल्यावर लाली गेली, पिवळा मागे राहिला. हळदीचा रंग उन्हात विरतो. पण ऊन इलॅस्टिकला मारक. मग पट्टा तेवढा बाहेर ठेवून बाकीची ब्रा पंच्यात गुंडाळली आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात खिडकीत ठेवली. डाग फिका पडला तशी उचलली. उन्हात ठेवलेली माझी तेवढी एकच ब्रा.

तारेचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिल्या अंकाच्या मध्यावर नटी विंगेत आली, चेहरा वेदनेनं ताणलेला. काखेजवळ तार बाहेर येऊन टोचत होती. पुढचा प्रवेश लगेच होता. तार आत ढकलून वरून वैद्यकीय चिकटपट्टी लावली आणि तिला पाठवलं. तिनं तो प्रवेश एक हात अंगाशी धरून केला आणि प्रेक्षकांना ती त्या पात्राची ढब वाटली. मध्यंतरात नळीचं तोंड दुहेरी दोऱ्यानं, अगदी जवळजवळ टाके घालून शिवून टाकलं. कारण नंतर कळलं. ही ब्रा नटीनं मधल्या सुटीत घरी नेली होती आणि घरी ती पिळली गेली होती. पिळलं की तारेला पीळ बसतो. ती वाकडी झाली की नळीच्या टोकाला भोसकत राहते आणि एक दिवस बाहेर येते. यंत्रात मोकळी टाकली तरी तेच. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, ड्रमच्या आत किंवा पंपात अडकलेली ब्राची तार त्यानं काढलेली असते. यंत्रातच धुवायची असेल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत, हलक्या फेऱ्यावर आणि जीन्सच्या संगतीत नको.

मग पाणी काढायचं कसं? कोरड्या पंच्यावर ब्रा पसरायची, पंचा गुंडाळायचा आणि वर तळव्यांनी दाबायचं. पंचा पाणी पितो. तेवढं झालं की कप हातानं गोल करून आकारात बसवायचे. पट्ट्यांनी दोरीवर टांगायची नाही, पाण्याच्या वजनानं पट्टे लांबतात. दोन कपांच्या मधल्या जोडावर दोरीवर टाकायची, किंवा आडवी पसरायची.

कोकणातल्या पावसाळी दौऱ्यात हवाच ओली असते, पंचाही दमट. एकदा कुणीतरी घाईनं स्पंजवाली ब्रा मेकअपच्या आरशाभोवतीच्या दिव्यांवर टांगली. थोड्या वेळानं वास आला म्हणून धावलो, तर एका कपाला सुरकुत्या पडून तो आत ओढला गेला होता. स्पंजाला इस्त्री नको, दिवा नको, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. पंखा पुरे. स्पंज आतून वाळायला वेळ घेतो आणि वरून कोरडा लागला तरी दाबल्यावर गार लागत असेल तर तो ओला आहे.

आणि वाळवायच्या जागेवरूनच आमच्या बसमध्ये मोठं भांडण झालं होतं. मी मागच्या आसनांवर खिडकीपासून खिडकीपर्यंत दोरी बांधली आणि ब्रा ओळीनं टाकल्या. वारा छान यायचा, ऊन थेट पडायचं नाही. व्यवस्थापक पुढून मागे आले. "ताई, हे बरं दिसत नाही. वर एखादी साडी तरी टाका."

मी काही बोलायच्या आत आमच्या ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी चष्मा काढला. "अहो, साडी टाकली की ती वाळणार नाही. ओली राहिली की मला पुरळ उठेल. आणि ब्लाउज नीट बसला नाही तर ते थिएटरभर लोकांना दिसेल. तुम्हाला एवढी दोरी जड झाली?"

मावशींना खरंच पुरळ उठलं होतं, आदल्या वर्षी, छातीखाली. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी विचारलं होतं, आतले कपडे कुठे वाळवता? त्या घरी परकराखाली वाळवत. आपल्यापैकी किती जणी तशाच वाळवतात! गॅलरीच्या कोपऱ्यात, टॉवेलच्या आड, न्हाणीघरात दाराच्या मागच्या खिळ्यावर. तिथं वारा नाही, उजेड नाही. दमट राहिलेली पट्टी घामाच्या जागी रोज बसली की बुरशीला आणखी काय हवं? कपड्याला कुबट वास लागतो, तो जावा म्हणून आपण गरम पाणी आणि जास्त साबण वापरतो आणि कपडा लवकर संपतो. मला याचा राग येतो, आणि तो बायकांचा नाही. बाईच्या अंगाला सगळ्यात जवळ असलेला कपडा सगळ्यात वाईट जागी वाळावा, ही पद्धत आपण लेकींना शिकवत राहतो याचा येतो. त्या दिवसापासून बसमधली दोरी निघाली नाही. व्यवस्थापकांनीच पुढे पक्के हूक ठोकून दिले.

सगळ्याच ब्रा नाजूक असतात असंही नाही. एका नाटकाचा काळ जुना होता आणि वेशभूषाकार बाईंना त्या काळची टोकदार ठेवण हवी होती. कपांवर गोल गोल शिलाई घातलेल्या सुती ब्रा आम्ही शिंप्याकडून शिवून घेतल्या. त्यात लवचिक धागा नाही, तार नाही. त्या वडीनं चोळा, पिळा, काही होत नाही. एकच काळजी, की सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून कापड आधी भिजवून वाळवून मगच कात्री लावायची. त्या ब्रा नाटक बंद झाल्यावरही धडधाकट होत्या. पण त्या घालून नाचायला सांगितलं असतं तर आमच्या मुलींनी मला बसमधून उतरवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

नवी ब्रा घेतानाही दौऱ्याचा विचार करावा लागतो. पाठीला हूक अडकवायच्या बहुधा तीन ओळी असतात. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल ओळीवर बरोबर बसली पाहिजे. दुकानात पुष्कळ जणी सगळ्यात आतली ओळ लावून 'बसली' म्हणतात. मग पट्टी सैल पडायला लागली की सरकायला जागाच उरत नाही. माझ्या वहीत प्रत्येक ब्रासमोर तिची ओळ लिहिलेली असते. पन्नासाव्या प्रयोगाला मधली, शंभरीच्या आसपास आतली. आतल्या ओळीवरही पट्टी पाठीवर वर चढायला लागली, किंवा कडेनं पांढरे बारीक रबराचे केस दिसायला लागले, की तिचं काम संपलं. निर्माते म्हणतात, अजून चांगली दिसते की! दिसते, पण धरत नाही. पाठीची पट्टी सैल झाली की सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो आणि नटीचे खांदे भरून येतात. तिथं मी ऐकत नाही.

बाद झालेली ब्रा सगळीच्या सगळी फेकत नाही. हूक-आकड्यांची पट्टी उसवून घेते, कड्या आणि सरकपट्ट्या घेते, सगळं शिवणाच्या डब्यात. ऐन प्रयोगात एक कडी तुटली तर हीच कामाला येते. तारा काढून त्यांची दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जाड गुंडाळते आणि मग टाकते, कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या हातात घुसू नयेत म्हणून. मग वहीत त्या ओळीवर रेघ मारते आणि खाली नवी नोंद करते, दोऱ्याच्या रंगासकट.